करकरणाऱ्या दाराचं घर

एके काळी विलायतेला जाऊन आलेली बाई गावात एखादीच असे. तिच्याकडे हळदीकुंकवाला गेलं की आधी राणीच्या राजवाड्याचे फोटो पाहावे लागत आणि मग तिळगूळ हातावर पडे. आता तसं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा लंडनला, कुणाची लेक बर्मिंगहॅमला. बाळंतपणाला म्हणून जायचं, डिंकाचे लाडू आणि मेतकूट बांधून न्यायचं आणि नातवंड जरा बाळसं धरू लागलं की परत यायचं. अशा जाऊन आलेल्या मैत्रिणींना मी नेहमी विचारते, काय काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं असतं. बकिंगहॅमचा राजवाडा, थेम्सवरचा पूल, मेणाच्या माणसांचं प्रदर्शन. पाहावंच ते सगळं. पण तुमचं तिकडे जाणं होणार असेल तर एक दिवस बाजूला काढून ठेवा. जावयाला रजा घ्यायला लावू नका, मोटारही नको. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ऑल्टनला जाणारी आगगाडी पकडा आणि खिडकीशी बसा.

ऑल्टन हे त्या गाडीचं शेवटचंच स्टेशन. त्यामुळे उतरायचं राहून जाईल ही धास्ती नाही. सव्वा तासाच्या आसपास प्रवास. पुढे अर्धा-पाऊण तास चालत गेलं की चॉटन नावाचं लहानसं खेडं लागतं. हॅम्पशर परगण्यातलं. काही घरांवर अजून गवताची छपरं आहेत, कुंपणांवर फुलझाडं आहेत, आणि रस्त्याला अगदी लागून एक लाल विटांचं, दुमजली, साधंसुधं घर आहे.

घर पाहून पहिल्यांदा तुमची थोडी निराशा होईल, हे मी आधीच सांगून ठेवते. एवढ्या मोठ्या लेखिकेचं घर म्हणजे काहीतरी भव्य असेल असं आपल्या मनात असतं. इथं तसं काही नाही. उलट, समोरून पाहिलंत तर एक खिडकी विटांनी बुजवलेली दिसते. त्याचं कारण मजेदार आहे. जुन्या काळी विंचेस्टरकडे जाणारा आणि समुद्राकडच्या बंदरांना जाणारा असे दोन रस्ते या घरापाशीच फुटत. दिवसरात्र घोड्यांच्या गाड्यांची वर्दळ. गाडीच्या उंच बाकावर बसलेल्या माणसाला घरातलं सगळं दिसे. एकदा एका प्रवाशानं तर नातलगांकडे जाऊन सांगितलं म्हणे, की चॉटनची मंडळी न्याहारीला बसलेली पाहिली, छान चाललेलं दिसतं त्यांचं! शेवटी घरमालकानं दिवाणखान्याची रस्त्याकडची खिडकी बंद केली आणि बागेच्या अंगाला नवी उघडून दिली.

हा घरमालक म्हणजे सख्खा भाऊ, आणि त्याच्या घरात राहायला आलेल्या चार बायकांपैकी एक जेन ऑस्टिन.

नाव ऐकलेलं असेलच. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांनी तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नाइलाजानं वाचली असेल, आणि मग आवडली म्हणून पुन्हा वाचली असेल. ज्यांना १९८५ सालची दूरदर्शनवरची ‘तृष्णा’ मालिका आठवते, त्यांनी तीच गोष्ट हिंदीत पाहिली आहे. अलीकडच्या मुलींना ‘आयशा’ हा सिनेमा ठाऊक असतो. तो तिच्या ‘एमा’वर बेतलेला. घरात उपवर मुली, आईच्या जिवाला घोर, स्थळं पाहणं, चहापाणी, कुणाला किती पगार नि कुणाची किती इस्टेट, हे सगळं तिच्या कादंबऱ्यांत आहे. म्हणूनच असेल, आपल्याला ती परकी वाटत नाही. पण मला तिच्या गोष्टींपेक्षाही तिच्या या घराची गोष्ट जास्त विचार करायला लावते. कारण हे घर मिळालं नसतं तर त्या कादंबऱ्या आपल्यापर्यंत पोहोचल्या असत्या की नाही, कोण जाणे.

मागची हकीगत थोडक्यात सांगते. जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. गाव स्टीव्हन्टन, तेही हॅम्पशरमध्येच. वडील धर्मोपदेशक. घरात आठ मुलं, त्यांत जेन सातवी. शिवाय वडील शिकवणीला मुलं ठेवून घ्यायचे. म्हणजे आई कायम मोठ्या पातेल्यापाशीच! पण घरात पाचशेच्या आसपास पुस्तकं होती आणि मुलीनं ती वाचू नयेत असं कुणी म्हटलं नाही. विशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते तोवर जेनच्या तीन कादंबऱ्या लिहून तयार होत्या. त्यांतली एक वडिलांनी १७९७ साली लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र घालून विचारली. ती न बघताच परतीच्या टपालानं नकार आला. हीच पुढे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ झाली.

मग १८०० सालच्या अखेरीला आईवडिलांनी एकाएकी ठरवलं, की आता निवृत्त व्हायचं आणि बाथ शहरात जाऊन राहायचं. मुलींना कुणी विचारलं नाही. जेन पंचविशीची, थोरली बहीण कॅसँड्रा तिच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठी. दोघी अविवाहित, म्हणजे आईवडील जातील तिकडे त्या जायच्या. पुस्तकं विकली, पियानो विकला. बाथमध्ये भाड्याच्या जागा बदलत राहिले. १८०५ साली वडील वारले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं उत्पन्नही गेलं. आई आणि दोन मुली भावांच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

भाऊ वाईट नव्हते हो. एडवर्डनं वर्षाला १०० पौंड देऊ केले, जेम्स नि हेन्रीनं ५० – ५०. आरमारात असलेला फ्रँक १०० द्यायला तयार होता, पण आईनं त्याच्याकडून ५० च घेतले. त्याचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं ना! आईचं आणि कॅसँड्राचं थोडं स्वतःचं होतं. जेनच्या नावावर काही म्हणता काही नव्हतं. आज या भावाकडे, उद्या त्या नातलगाकडे, पाहुणी म्हणून जायचं, आणि तिथल्या भाच्यांचे कपडे शिवून द्यायचे. आत्या आली की मुलं खूष, कारण ही आत्या गोष्टी फार छान सांगे. पण कादंबरीचं म्हणाल तर या सगळ्या आठ वर्षांत तिनं एक सुरू केली आणि अर्ध्यात सोडून दिली. ज्या बाईनं पुढे आठ वर्षांत सहा पुस्तकं उभी केली, तिची ही आधीची आठ वर्षं! टीकाकार यावर पुष्कळ लिहितात. प्रेमभंग म्हणतात, दुःख म्हणतात. मला विचाराल तर दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून राहून पाहावं, म्हणजे उत्तर सापडतं.

यातून सुटायची एक वाट तिच्यासमोर आली होती, तीही सांगितली पाहिजे. डिसेंबर १८०२. दोघी बहिणी मॅनिडाऊन नावाच्या मोठ्या हवेलीत मैत्रिणींकडे उतरल्या होत्या. मैत्रिणींचा धाकटा भाऊ हॅरिस, वय २१, सगळ्या इस्टेटीचा वारस. त्यानं जेनला मागणी घातली. जेन सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. तिनं संध्याकाळी हो म्हटलं. मैत्रिणी आनंदल्या असतील, आईला तर देव पावला असता. एवढं मोठं घर, आईची नि बहिणीची कायमची सोय, भावांपुढे हात पसरायला नको. आणि सकाळी उठून जेननं नाही म्हणून सांगितलं! लगोलग दोघी तिथून निघाल्या, थोरल्या भावाच्या घरी आल्या आणि आत्ताच्या आत्ता आम्हांला बाथला पोहोचव म्हणाल्या. त्या रात्री त्या दोघी बहिणींत काय बोलणं झालं, ते कुणालाच ठाऊक नाही. पुढे कॅसँड्रानं जेनची पुष्कळशी पत्रं जाळून टाकली. आज १६० च्या आसपास उरली आहेत.

तिला नाही म्हणणं किती जड गेलं असेल हे समजायचं तर तिच्या स्वतःच्या आत्याची, फिलाडेल्फियाची, गोष्ट ऐका. त्या गोष्टीचा आपल्या देशाशी संबंध आहे. आईवडील नाहीत, पैसा नाही, अशी ही मुलगी १७५२ साली जहाजात बसून एकटी मद्रासला आली. कशाला? नवरा शोधायला. तेव्हा कंपनी सरकारच्या नोकरीतल्या साहेबांना गोऱ्या बायका मिळत नसत, म्हणून अशा गरीब मुली इकडे पाठवून देत. वर्षही उलटलं नसेल, तिचं एका डॉक्टराशी लग्न झालं. तिची मुलगी एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्याला जन्मली आणि पुढे जेनच्याच हेन्री भावाची बायको झाली. जेननं तरुणपणी लिहिलेल्या एका अपुऱ्या गोष्टीत अशी बोटीत बसवून दिलेली एक मुलगी आहे. म्हणजे लग्नावाचून मुलीचं काय होतं आणि लग्नासाठी काय काय करावं लागतं, दोन्ही तिनं घरातच पाहिलं होतं.

असो. आपण चॉटनच्या दाराशी उभे आहोत.

एडवर्डला लहानपणीच एका श्रीमंत, निपुत्रिक नातलगांनी दत्तक घेतलं होतं. आपल्याकडे घेतात तसंच. त्याच्या वाट्याला केंटमधला मोठा वाडा आणि चॉटनची जमीन आली. या चॉटनमध्येही त्याचा एक भलाथोरला वाडा होता, तो आजही आहे. आईला आणि बहिणींना त्यानं दिलं ते मात्र हे रस्त्यावरचं घर. पूर्वी इथं खानावळ होती, मग कारभारी राहायचा. तोही कारभारी वारल्यावर रिकामं झालं म्हणून. आणि हे सुचलं कधी? १८०८ साली, जेव्हा अकराव्या बाळंतपणानंतर त्याची बायको अचानक गेली तेव्हा. वडील जाऊन तोवर तीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. काही जण म्हणतात, वहिनीला या नणंदा जवळ नको होत्या. काही म्हणतात, भावालाच आता बहिणींची गरज भासू लागली. खरं खोटं देव जाणे. पण घर दिलं ते बिनभाड्याचं दिलं, जळणाचं लाकूडही तोच पुरवी, आणि ७ जुलै १८०९ रोजी चौघी जणी राहायला आल्या. आई, कॅसँड्रा, जेन आणि चौथी मार्था लॉइड.

या मार्थाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. ही बहिणींची जुनी मैत्रीण. तिची आई वारली तेव्हा तिला कुणी उरलं नाही, म्हणून या मायलेकींनी तिला आपल्यात घेतली. स्वयंपाकघर तिच्या आणि कॅसँड्राच्या देखरेखीखाली. स्वयंपाकीण होती, पण काय करायचं, किती करायचं, हिशेब, साठवण, औषधपाणी हे या दोघी बघत. आईनं घरकामातून अंग काढून घेतलं आणि बाग धरली. कुळंब्यासारखा झगा घालून ही म्हातारी बटाटे खणायची, असं त्यांच्या घराण्यात सांगतात. आणि जेनकडे काय? सकाळी उठून ती पियानो वाजवी. मग नऊ वाजता सगळ्यांची न्याहारी करी. चहा, भाजलेला पाव एवढंच. चहा नि साखरेच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे. हे काम हलकं समजू नका बरं का. तेव्हा चहा इतका महाग होता की तो कुलपात ठेवत. १८१४ च्या एका पत्रात तिनं ट्विनिंग्जच्या दुकानातल्या चहाचे भाव वाढल्याची काळजी केली आहे! न्याहारी झाली की तिची घरकामातून सुटका. दुपारच्या जेवणापर्यंत वेळ तिचा.

ही वाटणी कुणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. पण चौघींत ती झाली होती आणि तिचं मोल जेनला पुरतं ठाऊक होतं. १८१६ साली कॅसँड्रा काही दिवस परगावी गेली आणि घर जेनवर पडलं. तेव्हाच्या पत्रात ती लिहिते, की डोक्यात मटणाचे तुकडे आणि रेवाचिनीचे डोस घोळत असताना लिहिणं मला अशक्यच वाटतं. दोनशे वर्षं झाली हे लिहून. वाचताना मी खो खो हसले, आणि मग गप्प झाले.

जेवणघरात, रस्त्याकडच्या खिडकीशी, ते प्रसिद्ध टेबल आहे. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, एका पायावर उभं. टेबल कसलं, आपल्याकडे फुलदाणी ठेवायला असतं तेवढंच! त्यावर एक कागद आणि एक दौत, तिसरी वस्तू राहायची नाही. ‘मॅन्सफील्ड पार्क’, ‘एमा’, ‘पर्स्वेजन’ या तीन कादंबऱ्या इथंच लिहिल्या गेल्या आणि आधीच्या दोन इथंच पुन्हा घासूनपुसून घेतल्या. तिच्या भाच्यानं पुढे म्हातारपणी आत्याचं चरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो, की मधलं दार उघडताना करकर वाजायचं, पण आत्या ते दुरुस्त करू देत नसे. दार वाजलं म्हणजे कुणीतरी येतंय. मग लहान लहान कागद पटकन झाकून टाकायचे. पाहुण्यांना, गडीमाणसांना कळू द्यायचं नाही की ही लिहिते.

आता अभ्यासक या गोष्टीवर शंका घेतात. भाचा ५० वर्षांनी लिहितोय, तेव्हाच्या बायका कशा मर्यादशील होत्या हे त्याला दाखवायचं होतं, वगैरे. असेलही. पण आपल्यातल्या कितीजणी कवितेची वही तांदळाच्या डब्यामागे ठेवत होत्या किंवा ठेवतात, ते त्या अभ्यासकांना माहीत नसावं.

स्वयंपाकघरात चूल आहे, आणि अंगणात वेगळी भट्टीघर आहे. तिथं पाव भाजायचे आणि कपडे उकळायचं मोठं भांडंही तिथंच. आणि या घरातला मला सर्वांत आवडलेला दागिना म्हणजे मार्थाची वही. मार्थानं वर्षानुवर्षं ओळखीपाळखीच्या बायकांकडून पाककृती आणि घरगुती औषधं विचारून लिहून ठेवली होती. ज्या बाईनं सांगितली तिचं नावही खाली घातलंय, अगदी आपण ‘जोशीकाकूंचं लोणचं’ लिहितो तसं. वाटाण्याचं सूप, पुडिंगं, मुरंबे, खोकल्यावर, दातदुखीवर. आणि हो, हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’सुद्धा आहे, हळद घालून!

याच वहीत शाई करण्याची कृती आहे. वाचकांपैकी पुष्कळजणींना त्यातलं सामान ओळखीचं निघेल. ४ औंस मायफळं घ्यायची. बाळघुटीत उगाळतो तीच ही. २ औंस हिराकस, दीड औंस बाभळीच्या जातीचा डिंक. मायफळं फोडायची, डिंक नि हिराकस खलबत्त्यात कुटायचा, आणि सगळं शिळ्या, कडक बियरमध्ये घालायचं. वर थोडी हलकी बियर आणि चिमूटभर शुद्ध साखर. मग ती बरणी चुलीच्या उबेला चौदा दिवस ठेवायची आणि दिवसातून दोन-तीन वेळा हलवायची. आता मला सांगा, एलिझाबेथ बेनेट आणि मिस्टर डार्सी यांचं सगळं भांडण नि सगळं प्रेम ज्या शाईत उतरलं, ती बरणी रोज कोण हलवत असेल? मी तरी मार्थाचंच नाव घेईन.

वरच्या मजल्यावर निजायच्या खोल्या. दोघी बहिणींची एकच खोली होती असं मानतात. आयुष्यभर दोघी एका खोलीत राहिल्या. कॅसँड्राचा वाङ्निश्चय झाला होता, पण होणारा नवरा पैसा मिळवायला म्हणून वेस्ट इंडिजकडे गेला आणि १७९७ साली तिकडेच तापानं गेला. तिनं नंतर लग्नाचं नाव काढलं नाही. वरच एक ठिगळांची चादर काचेआड ठेवली आहे. आई आणि दोघी मुली यांनी मिळून शिवलेली, असं घराण्यातून चालत आलेलं. आपल्या गोधडीची बहीणच म्हणा, पण आत जुन्या साड्यांचे थर नाहीत. नुसती छिटाच्या कापडांची शंकरपाळ्याच्या आकाराची ठिगळं, आणि मध्यभागी फुलांची परडी. टाके इतके बारीक, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. १८११ च्या एका पत्रात जेन बहिणीला विचारते, ठिगळांसाठी तुकडे जमवायचं लक्षात आहे ना? तेव्हा तिची पहिली कादंबरी छापायला गेलेली होती.

दागिने म्हणाल तर दोन पुष्कराजाचे क्रूस आहेत. धाकट्या चार्ल्सनं आरमारात बक्षिसाची रक्कम मिळाली तेव्हा दोघी बहिणींना आणले होते. शिवाय एक फिरोजा जडवलेली अंगठी. ही अंगठी २०१२ साली लिलावात एका अमेरिकन गायिकेनं दीड लाखाहून जास्त पौंडांना घेतली होती. पण सरकारनं ती देशाबाहेर जाऊ दिली नाही, आणि लोकांनी वर्गणी काढून ती या घरासाठी परत मिळवली.

पैशांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. पहिली कादंबरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ साली निघाली, ती तिच्या स्वतःच्या जोखमीवर. तोटा आला तर भरायला म्हणून तिनं आपल्या तुटपुंज्या पैशांतून थोडे बाजूला काढून ठेवले होते. त्या कादंबरीची सुरुवातच मुळी आई नि मुलींना राहतं घर सोडावं लागतं तिथून आहे. पुस्तकावर लेखिकेचं नाव नाही, ‘एका बाईकडून’ एवढंच. आवृत्ती संपली, १४० पौंड फायदा झाला. स्वतः मिळवलेले पहिले मोठे पैसे, वय ३७! ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क मात्र तिनं ११० पौंडांना विकून टाकले. तिला १५० हवे होते. त्या पुस्तकाच्या एका वर्षात दोन आवृत्त्या निघाल्या आणि फायदा प्रकाशकाच्या खिशात गेला.

जानेवारी १८१३ मध्ये त्याची पहिली छापील प्रत या घरी पोहोचली. त्याच दिवशी शेजारची मिस बेन जेवायला आली होती. गरीब, एकटी बाई. तिला संध्याकाळी कादंबरी वाचून दाखवली. लंडनहून नवीन पुस्तक आलंय एवढंच सांगितलं. लेखिका समोर बसलीय हे त्या बिचारीला ठाऊकच नाही! तिला एलिझाबेथ आवडली, म्हणून जेन मनात खूष. दुसऱ्या दिवशी मात्र आईनं वाचून दाखवलं आणि ते फार घाईघाईनं वाचलं, म्हणून लेक बहिणीकडे पत्रातून कुरकुरली. दिवाणखान्यात उभ्या राहाल तेव्हा ही संध्याकाळ आठवा.

आणि ती दहा पौंडांची हकीगत. १८०३ साली एका प्रकाशकानं तिची एक कादंबरी १० पौंडांना घेतली आणि फडताळात टाकून दिली. सहा वर्षं वाट पाहून, चॉटनला येण्याच्या तोंडावर, जेननं खोट्या नावानं त्याला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, हवी तर दहा पौंड देऊन परत न्या. तेव्हा तिनं ती सोडवून घेतली नाही. वर्षाचे दहा पौंड बाजूला टाकणं सोपं नव्हतं. १८१६ साली हेन्रीनं जाऊन ती परत विकत घेतली, आणि पैसे चुकते झाल्यावर, म्हणे, त्या प्रकाशकाला सांगितलं की ही ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वालीचीच बरं का! २०१७ साली इंग्लंडच्या सरकारी बँकेनं जेन ऑस्टिनचं चित्र असलेली नोट काढली, ती नेमकी दहा पौंडांची.

१८१६ पासून तिची तब्येत ढासळू लागली. दिवाणखान्यात कोच एकच होता, आणि त्यावर आई पडून असे. जेन तीन खुर्च्या एकीपुढे एक लावून त्यांवर आडवी होई. म्हणे, मला असंच बरं वाटतं. एका छोट्या भाचीनं फारच खोदून विचारलं तेव्हा खरं सांगितलं, की मी एकदा कोच वापरला तर आजी पुन्हा त्यावर बसणार नाही. भट्टीघरात तिची गाढवाची छोटी गाडी ठेवलेली आहे. चालवेना तेव्हा त्यात बसून ती फिरायला जाई. मे १८१७ मध्ये तिला उपचारासाठी विंचेस्टरला नेलं. कॅसँड्रा बरोबर होती. १८ जुलैला पहाटे बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली, वय ४१. स्मशानयात्रेला बायकांनी जायची पद्धत नव्हती. कॅसँड्रानं खिडकीतून, ती मंडळी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत, पाहत राहून निरोप दिला. मृत्युपत्रात जेननं जवळपास सगळं बहिणीला ठेवलं होतं. ५० पौंड हेन्रीला, आणि ५० हेन्रीच्या घरी घर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या फ्रेंच बाईला. तिच्या मिळकतीच्या मानानं ही रक्कम लहान नव्हती.

कॅसँड्रा याच घरात पुढे २८ वर्षं राहिली. मार्था? मार्थानं १८२८ साली, साठी उलटल्यावर, विधुर झालेल्या फ्रँकशी लग्न केलं! कॅसँड्रा गेल्यावर घराचे तुकडे पाडून मजूर कुटुंबांना राहायला दिले. शंभर वर्षं तिथं चुली पेटल्या, पोरं वाढली. मग दुसऱ्या महायुद्धानंतर कार्पेंटर नावाच्या एका लंडनच्या वकिलांनी ३००० पौंडांना हे घर विकत घेतलं. त्यांचा मुलगा १९४४ मध्ये इटलीत लढताना पडला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी ते १९४९ साली लोकांसाठी खुलं केलं. आत शिरताना त्या मुलाच्या नावाची पाटी शोधा.

घर पाहून झालं की लगेच परत फिरू नका. त्याच रस्त्यानं दहा मिनिटं चालत गेलं की एडवर्डचा वाडा लागतो. जुन्या काळच्या लेखिकांच्या पुस्तकांचं ग्रंथालय तिथं २००३ साली सुरू झालं. वाड्याच्या वाटेवरच सेंट निकोलस चर्च आहे. जेन तिथं नाही. तिला विंचेस्टरच्या मोठ्या कॅथीड्रलमध्ये पुरलं. तिथल्या शिळेवर तिच्या स्वभावाची स्तुती आहे, पण तिनं पुस्तकं लिहिली याचा एका अक्षरानं उल्लेख नाही. तो करणारी पितळी पाटी १८७२ साली शेजारी लावावी लागली. चॉटनच्या चर्चच्या मागे गवतात मात्र दोन दगड एकमेकांशेजारी उभे आहेत. दोन्हींवर नाव एकच, कॅसँड्रा ऑस्टिन. १८२७ चा आईचा आणि १८४५ चा बहिणीचा. जायच्या आधी ऑल्टनच्या बाजारातून थोडी फुलं घेतली तर बरं, गावात फुलांचं दुकान नाही.